जुना पार्ट फोडायचा असतो

डेपोत त्याला सगळे ब्रेकवाला म्हणत. बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती आणि एक सवय त्याच्या हाडीमाशी खिळली होती. नवा पार्ट बसवला की जुना तिथल्या तिथे हातोड्याने फोडायचा. उस्तादानेच तसं शिकवलं होतं. झिजलेला पार्ट अख्खा राहिला तर कुणीतरी तो पुसूनबिसून पुन्हा गाडीला लावतो, आणि मग उतारावर माणसं मरतात. डेपोत हे शहाणपणच होतं. पंचाईत अशी, की ब्रेकवाला हे शहाणपण घरीही घेऊन यायचा. कपाचा कान तुटला, कप फोडला. नवा चष्मा आला, जुन्याच्या काड्या मोडल्या.

"अहो, मी म्हातारी झाले की माझ्यावरही हातोडा घालाल," असं बायको म्हणायची, आणि ते शेजारपाजारच्या सगळ्यांना ऐकू जायचं. ती शाळेत खेळ शिकवायची. मैदानाच्या त्या टोकाला पळणाऱ्या पोराला शिट्टीशिवाय जागेवर उभं करणारा आवाज होता तिचा. भांडणात ब्रेकवाल्याचा कधी निभाव लागला नाही.

तो आवाज आजाराने गिळला. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ जड व्हायला लागली. बोलणं पुरतं जायच्या आत तिच्या धाकट्या बहिणीने हट्ट धरला आणि दोघींनी मिळून शेकडो वाक्यं तिच्या आवाजात कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली. पाणी द्या. कूस बदला. दिवा मालवा. आणि खास तिच्या आग्रहावरून, "अहो, अक्कल कधी येणार तुम्हाला?" आता मानही वळत नव्हती, पण डोळे शाबूत होते. पडद्यावरच्या चौकटीवर नजर रोखली की कॉम्प्युटर तिच्याच आवाजात बोलायचा. अक्कलवालं वाक्य दिवसातून कितीदा वाजायचं याला गणतीच नव्हती. ब्रेकवाला दर वेळी गालातल्या गालात हसायचा.

"भावोजी, याची एक कॉपी काढून ठेवा," मेहुणी म्हणाली होती.

"एका गाडीला दोन स्टेअरिंग लागतात का?" असं म्हणून त्याने विषय संपवला.

कॉम्प्युटर जुना होता, मध्येच अडकायचा. एकदा तिला जोराचा ठसका लागला. ती "श्वास अडकला" या चौकटीकडे बघत राहिली आणि कॉम्प्युटर ढिम्म. ब्रेकवाला स्वयंपाकघरात भांडी घासत होता. सहज डोकावला म्हणून ती वाचली. तिला सावरून, पाठीशी उशी लावून तो जरा टेकला, तेवढ्यात कॉम्प्युटर एकदम बोलला, "श्वास अडकला." त्याच आठवड्यात त्याने दुकानातून नवे पार्ट आणले.

पुढचं त्याने मायेपोटी केलं हे आधीच सांगितलेलं बरं. दुपारची ती झोपली होती. जागी व्हायच्या आत नवा कॉम्प्युटर तिच्यापुढे उभा करायचा, असा त्याचा बेत. पडदासुद्धा स्टँडवरून काढून त्याने बाहेरच्या खोलीत नेला. नव्या डब्यात बोर्ड बसवला, पंखा बसवला आणि जुन्यातून ड्राइव्ह काढली. एका स्क्रूवर बसणारी बोटभर पट्टी ती, आणि बायकोचा सगळा आवाज त्या पट्टीत. नव्या बोर्डात सरकवून त्याने हलक्या हाताने स्क्रू पिळला. मग जुना बोर्ड फरशीवर ठेवला आणि हातोडा उचलला.

पहिल्याच घावाला ती जागी झाली. उघड्या दारातून त्याला तिचे डोळे दिसले. रिकाम्या स्टँडवर ते इकडून तिकडे नुसते धावत होते. धाडधाडीचा त्रास होतोय बिचारीला, असं मनाशी म्हणत त्याने दार लावून घेतलं आणि उरलेलं काम उरकलं.

नवा कॉम्प्युटर लगेच सुरू झाला. निळ्या पडद्यावर त्याने एक लांबलचक नंबर मागितला.

तो डबा घेऊन दुकानात गेला, तर दुकानदाराने डोक्याला हात लावला. "काका, ही ड्राइव्ह कुलूपबंद आहे. किल्ली जुन्या बोर्डात. परत त्याच्यात लावा, उघडेल. कुठंय तो?"

"फोडला," ब्रेकवाला म्हणाला.

"बरं, मग तो लांबलचक नंबर काकूंच्या कॉम्प्युटरच्या खात्यावर असेल. त्यांच्या फोनवर कोड येईल, तेवढा सांगा."

फोनही नव्हता. तिची जीभ गेली तेव्हा, बोलताच येत नाही तर फोन कशाला, म्हणून त्यानेच तिचा फोन नंबर बंद करून टाकला होता. आता हातापाया पडूनही तो परत मिळेना.

घरी येऊन तो म्हणाला, "एक वायर यायचीय." दुसऱ्या दिवशीही वायर यायची होती, तिसऱ्या दिवशीही. अडीनडीला असावा म्हणून मेहुणीने अक्षरांचा एक पारदर्शक तक्ता दिला होता. तो समोर धरायचा आणि ती कुठल्या अक्षराकडे बघते ते पलीकडून ओळखायचं. ब्रेकवाल्याने तो तक्ता कपाटावर टाकला. तक्ता धरला तर ती विचारणार, आणि विचारलं तर सांगावं लागणार. भ्याडपणा म्हणतात याला, दुसरा शब्द नाही. पाणी तो अंदाजाने पाजायचा, कूस अंदाजाने बदलायचा. तिच्या डोळ्यांत मात्र बघायचा नाही.

रविवारी मेहुणी आली. रिकामा स्टँड पाहून तिने विचारलं, "भावोजी, कॉम्प्युटर कुठंय?"

मग त्याला खोटं बोलवेना. पलंगाशी उभं राहून त्याने दोघींना सगळं सांगितलं. "तुझा आवाज गेला गं," तो बायकोला म्हणाला. "मीच घालवला. मला काय ठाऊक, कुलूप आहे ते."

"ताईला ठाऊक होतं," मेहुणी म्हणाली. "मशीन उघडायच्या आधी नंबर लिहून घ्या, असं ते बसवणाऱ्याने आम्हाला बजावलं होतं. तिला विचारलं का नाही?"

"झोपली होती."

मेहुणीने कपाटावरून तक्ता काढला, धूळ पुसली आणि ताईसमोर धरला. डोळे लगेच हलले.

"थ," मेहुणी वाचू लागली.

"थंडी वाजतेय का?" ब्रेकवाला पांघरूण घ्यायला धावला.

"थांबा हो जरा." मेहुणी वाचता वाचता अडखळली. "तेच म्हणतेय ती. थांबा." मग पुढची अक्षरं सावकाश आली. "थांबा... म्हणत... होते."

"कधी गं ताई?"

तिचे डोळे तक्त्यावरून निघाले आणि खोलीच्या दारावर जाऊन थांबले. त्या दुपारी ते दार त्यानेच लावून घेतलं होतं.