परत आलेलं पाकीट

‘पाच वाजेपर्यंत काढून टाका, नाहीतर कोर्टात भेटू’ एवढंच सांगायला वकिलाने चार पानं खर्ची घातली होती. डबडेमामांनी ती दुकानातल्या स्टुलावर बसून तिसऱ्यांदा वाचली. घड्याळात सव्वाचार.

मामा जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. लोक टाकून द्यायचे, मामा ‘अजून धुगधुगी आहे हो’ म्हणत उचलून आणायचे. म्हणून भाचरांनी ‘डबडेमामा’ हे नाव पाडलं. फ्लॉप्यांवरची बुरशी पुसून बंद कंपन्यांचे प्रोग्राम ते वाचवायचे आणि आपल्या वेबसाइटवर फुकट द्यायचे. नोटीस आली होती ती विणकाम-यंत्राच्या प्रोग्रामवरून. कंपनी कधीच बुडाली, यंत्रं मात्र अजून चालत होती.

“मेलेल्या कंपनीची तक्रार करतंय कोण? भूत?” मामी म्हणाली.

“कंपनी गेली, हक्क राहिले,” वकील भाची म्हणाली. “ते कुणीतरी विकत घेतलेत. मामा, तुम्ही कंपनीला कधी काही लिहिलं होतंत?”

मामांची छाती फुगली. “म्हणजे काय! परवानगी मागितल्याशिवाय मी काही चढवतच नाही. कंपनीच्या जुन्या पत्त्यावर रजिस्टर पत्र, मग तीन महिने वाट. हे बघ, पाकीट परत आलं. शिक्क्यासकट फोटो साइटवर लावलाय. आपलं सगळं उघड!”

भाचीने कपाळाला हात लावला. मग न्यायाधीशासारखा घसा खाकरून म्हणाली, “म्हणजे परवानगी लागते हे आपल्याला ठाऊक होतं. ती मिळाली नाही हेही ठाऊक होतं. बरोबर?”

मामांचा हात आपसूक माउसकडे गेला. “पाकिटाचा फोटो तेवढा उडवतो.”

भाचीने मनगटच धरलं. “खबरदार! पुरावा नष्ट केला म्हणतील. प्रोग्राम काढा, पाकीट राहू दे. खटला उभा राहिला तर भरपाईत हे दुकान जाईल, मामा.”

मामांनी सहाशे फ्लॉप्यांच्या कपाटाकडे पाहिलं. पाचला सात मिनिटं असताना त्यांनी बटण दाबलं.

तेवढ्यात फोन खणाणला. कुणी विणकरीण होती. “दादा, तुमच्या साइटवर प्रोग्राम दिसेना! माझं यंत्र अडलंय, सोमवारी माल द्यायचाय.”

“घ्या, पाठवतो” अगदी ओठांवर आलं होतं. भाची डोळे वटारून उभी.

“ताई, यंत्राबरोबर आलेली तुमची फ्लॉपी आहे?”

“आहे, पण चालत नाही.”

मामांनी फोनवर हात ठेवून भाचीकडे पाहिलं. तिने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. “तिचीच तिला दुरुस्त करून द्या. दुसरी प्रत कुणालाही नाही.”

“घेऊन या, ताई. बुरशी असेल तर निघेल.”

फोन ठेवून मामांनी कोरा कागद ओढला. नोटिशीवरचा नव्या मालकाचा पत्ता नीट उतरवला आणि खाली लिहिलं, ‘परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’

“मामा!”

“अगं, हे पाकीट परत येणार नाही,” मामा म्हणाले. “आणि उत्तर येईपर्यंत मी कशालाही हात लावणार नाही.”

भाचीने कागद काढून घेतला. “आधी मी वाचणार.”