बारमधलं गाऱ्हाणं

देवरूखहून रत्नागिरीला येणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. मोठ्या प्रवासी जहाजावर नोकरीला. शिमगा तोंडावर आलेला आणि हा सुट्टी संपवून परत निघालेला.

"जहाजावर काम काय करता?"

"पाहुण्यांचा घोळका घेऊन एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये फिरवतो. आपल्याकडे शिमग्याला पालखी घरोघर फिरते ना, तसंच." बोलताना त्याचा हात आपोआप वर जायचा, मागून येणाऱ्या घोळक्याला दिसावा तसा.

प्रत्येक बारमध्ये ग्लास उचलण्याआधी तो देवाला मराठीत गाऱ्हाणं घालतो. प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी मिळून ओरडायचं ‘व्हय महाराजा’ तेवढं त्याने गोऱ्यांना शिकवलंय.

"मागता काय देवाकडे?"

तो खिडकीबाहेर बघत हसला. "पुढच्या शिमग्याला पालखी दारात येईल, तेव्हा मला आयशीच्या बाजूला उभा कर. त्या गोऱ्यांना काय कळतंय! पण जीव तोडून ओरडतात बिचारे."

स्टँडवर उतरल्यावर सवयीने त्याने मागे वळून सगळे उतरले का बघितलं, एका म्हातारीची पिशवी खाली घेतली आणि चालू लागला.

मी दारातूनच ओरडलो, "व्हय महाराजा!"

"काय ओ, सकाळी सकाळी घेतलीत की काय?" कंडक्टर म्हणाला.

पुढे गर्दीत, मागे न बघता, त्याचा हात वर गेला.