बळीभाऊंनी कापलेले बोल्ट

बळीभाऊ कनेक्टिंग रॉड पारखायचे ते कानाने. साकोलीला हायवेच्या कडेला त्यांचं वर्कशॉप होतं आणि समोर कडुलिंबाचं झाड. फांदीला सुतळीने रॉड टांगायचा, लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. तेवढ्यात कोणी बोललं की हात वर करून ते त्याला गप्प करत. रॉड घंटेसारखा घुमला तर म्हणत, "हा बोलते." आवाज मध्येच बसला तर, "हा खोकलून राहिला. याले दवाखान्यात न्या, माह्याकडे कायले आणला?"

कनेक्टिंग रॉड म्हणजे इंजिनात पिस्टनला क्रँकशी जोडणारी पोलादी दांडी. तिचं खालचं तोंड दोन बोल्टांनी आवळलेलं असतं. रोजच्या गाडीत हे बोल्ट वर्षानुवर्षं निमूट राहतात. शर्यतीत इंजिन किंचाळेपर्यंत पळवलं की मात्र पिस्टन दर फेऱ्याला त्यांना उपटायला बघतो. बोल्ट तुटला तर दांडी इंजिनाची भिंत फोडून बाहेर येते. लष्कराच्या वर्कशॉपात असताना बळीभाऊंनी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या गाडीच्या ड्रायव्हरचं नाव ते कधी घेत नसत.

मूळचे ते सानगडीचे, धानाच्या शेतकऱ्याच्या घरातले. वडिलांची बैलजोडी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळायची. "पटाची जोडी निवडणाऱ्याचा पोरगा आहो मी," ते म्हणत. "बाप बैलाचे खूर पाहे, दात पाहे, मंगच दावणीले बांधे. अन् मी बोल्ट काय दुकानदाराचं तोंड पाहून घेऊ?" झिलई केलेल्या नव्या रॉडांवर त्यांचा राग होता. "चमक भांड्याच्या दुकानात पाहावी." जुना घडीव रॉड ते घासलेटात बुडवत, कोरडा पुसत आणि वर खडूची भुकटी लावत. तडा असला तर आत मुरलेलं घासलेट पांढऱ्या भुकटीवर काळी रेघ काढायचं.

सत्तरच्या दशकात मी चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज वाहणाऱ्या एका ठेकेदाराकडे ड्रायव्हर होतो. आम्ही त्यांना शेठ म्हणत असू. शेठना जीपच्या शर्यतीचा नाद. नागपूरला शर्यत ठरली, मी चालवणार होतो आणि इंजिन बळीभाऊ बांधत होते. रॉड त्यांनी स्वतः निवडले. बोल्ट तेवढे शेठ नागपूरहून घेऊन आले.

बळीभाऊंनी प्रत्येक बोल्टची लांबी मोजली, तो आवळला, सैल केला आणि पुन्हा मोजला. चांगला बोल्ट सैल केल्यावर मूळच्या लांबीवर येतो. आठातले तीन आले नाहीत.

"लांबला तो गेला," बळीभाऊ म्हणाले. "अन् येकाच पेटीतले आहेत, बाकीच्याइचाही भरोसा नाही."

"केसाएवढा फरक आहे, बळीराम. परवा शर्यत आहे. बसव."

"जित्यात अन् मेल्यात केसाएवढाच फरक राहाते जी."

शेठ तापले. "जीप माझी, माल माझा. तू कोण अडवणारा?"

"जीप तुमची. आत बसनारा कोनाचा आहे, थे सांगा."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. "तो माझा ड्रायव्हर आहे."

बळीभाऊंनी एकेक बोल्ट व्हाइसच्या पकडीत धरला आणि हॅक्सॉच्या करवतीने त्याचं डोकं उडवलं. आठही. मग तुकडे शेठपुढे ठेवून ते म्हणाले, "बसवा आता."

शेठनी जीप ओढून नागपूरला नेली. तिथल्या एका मिस्त्र्याने त्याच दुकानातले तसलेच बोल्ट बसवले. शर्यतीच्या सकाळी बळीभाऊ एसटीने मैदानावर हजर झाले. मला म्हणाले, "मी तुले काही सांगाले नाही आलो. मी काहून कापले, थे तुले ठाऊक आहे." मी किल्ली शेठच्या हातात दिली. ऐनवेळी त्यांचा भाचा गोविंद जीपमध्ये बसला.

जीप दुसरी आली. बोल्ट टिकले.

शेठच्या गावी, तुमसरात, गोविंदची मिरवणूक निघाली. माझी नोकरी गेली. साकोलीच्या चहाच्या टपरीवर लोक मुद्दाम विचारत, "काय बळीभाऊ, तुटले काय बोल्ट?" एक दिवस माझाही तोल गेला. म्हटलं, "भाऊ, तुम्ही चुकलात."

"आजच तुटन, असं मी म्हटलं होतं काय?" ते शांतपणे म्हणाले. "माह्या हातानं बसनार नाही, येवढंच म्हटलं. गोविंदाचं हाड मोडलं असतं तं मी खरा ठरलो असतो. तसं खरं मले ठरायचंच नाही. अन् तो वाचला म्हणून मी खोटाही नाही. चल, पाना धर. उद्यापासून इथंच ये."

त्यांच्याकडचं काम कमी झालं. वागणं तसूभरही बदललं नाही. शर्यतीच्या पुढच्या हंगामाआधी एका दुपारी गोविंद मागच्या दाराने आत आला.

"भाऊ, इंजिन तुम्हीच बांधा. त्या दिवशी शेवटच्या फेरीत जीप थरथरत होती की माझे पाय, मला कळलं नाही. फक्त मामांना सांगू नका."

"चोरीचं काम मी करत नाही. मामाच्या दारातून काढ, भर दिवसा हायवेवरून आण, हॉर्न वाजवत आण."

आठवडाभराने हॉर्न वाजला. गोविंद चालवत होता आणि शेजारी तोंड फिरवून शेठ बसले होते. बळीभाऊंनी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि शेठनी सोबत आणलेले नवे बोल्ट न मोजताच परत दिले. "माल मी पाहून आणीन." शेठनी ते मुकाट्याने खिशात टाकले.

ऐंशीच्या दशकात बळीभाऊंना कावीळ झाली ती हटेना. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी उशाशी बसलो होतो. त्यांना बरं वाटावं म्हणून दुकानातली गोष्ट काढली. लाखांदूरचा एक जण जीप घेऊन आला होता. घाई आहे, जुनेच बोल्ट आवळा म्हणत होता.

त्यांनी डोळे उघडले. "तू काय म्हटलं?"

"नाही म्हटलं."

"तो चिडला?"

"शिव्या देऊन गेला."

"मंग इथं कायले बसला?" त्यांचा आवाज जेमतेम निघत होता, पण त्यात हुकूम होता. "दुसरा आला, अन् दुकान बंद दिसलं तं? जाय."

मी एसटीने साकोलीला परतलो आणि दुकान उघडलं. संध्याकाळी भाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या पुढ्यात एक इंजिन उघडं होतं. सातवा बोल्ट आवळून झाला होता. मी आठवा आवळला, पुन्हा तपासला, आणि मगच उठलो.