आधी दिवा शांत करा

"आधी दिवा शांत करा, वैनी." चप्पल काढता काढताच ते दारातून म्हणायचे. फ्रीजला काय झालंय, कधीपासून झालंय, ते सगळं नंतर. कुपवाडच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे फ्रीजवाले दादाच म्हणत. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, जो आपल्या तक्रारीआधी स्वतःचा नियम सांगतो.

शेगडी बंद करायला लावायची, देवघरात स्वतः डोकावायचं, खिडक्या उघडायच्या, मगच पिशवी खाली ठेवायची. "नव्या फ्रिजातला ग्यास पेटतो. जुना न्हवता पेटत," एवढंच कारण द्यायचे. सुरुवातीला ते सरळ ‘दिवा विझवा’ म्हणत. एका घरच्या सासूबाईंनी त्या शब्दापायी त्यांना पायरीखाली उतरवलं. तेव्हापासून ‘शांत करा’.

बहुतेक वेळा त्यांना काही खोलावंच लागत नसे. दार उघडून आत बघायचे आणि मग माझ्याकडे, मी घरातलं पोर उपाशी ठेवल्यासारखं. गार वारं येण्याची भोकं मी मेथीच्या जुड्यांनी बुजवलेली असायची. "वर बर्फ, खाली घाम. त्यानं श्वास घ्यायचा कुठनं?" कधी दाराच्या रबराला साय चिकटून फट राहिलेली असे, ती ते कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून काढत. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचलं, तर मागचं बारीक छिद्र तारेनं मोकळं करत. एकदा त्यांना आत गरम दुधाचं पातेलं सापडलं. "वैनी, परातीत पाणी घ्या की. ह्या बिचाऱ्याला कशाला ताप?" मी चिडले, पण पातेलं बाहेर काढलं.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. नवरा वारलेला, एकुलता मुलगा सैन्यात. तो असा कुठेतरी वर, सरहद्दीवर होता, की त्याचा फोन आठवडाभर येत नसे. नवरात्रात त्या घट बसवत आणि दसऱ्यापर्यंत अखंड दिवा ठेवत. तो दिवा मुलासाठी होता. तसं त्या बोलत नसत, पण आम्हाला माहीत होतं.

त्या वर्षी ऐन नवरात्रात त्यांचा फ्रीज गार होईना. दादा आले. पाइप गळत होता, गॅस नव्यानं भरावा लागणार होता. मी मधल्या भिंतीपाशी कपडे वाळत घालत होते, त्यामुळे उघड्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"दिवा शांत केला न्हवं, आक्का?"

"केला."

थोड्या वेळानं पुन्हा, "नक्की?"

"व्हय वो दादा! किती इचारता?"

काकूंनी दिवा शांत केला नव्हता. घट हलवत नाहीत, पण दिवा हलवायला काय हरकत, असा त्यांनी मनाशी तोडगा काढला होता. दिवा उचलून आतल्या खोलीत जमिनीवर ठेवला आणि दार ओढून घेतलं. देवघरात दादांना दिवा दिसला नाही. पण तो गॅस जड असतो. तो जमिनीलगत सरकत दाराखालच्या फटीतून आत गेला.

भडका उडाल्याचा आवाज ऐकून मी धावले. काकू पुढच्या खोलीत होत्या, त्यांना काही झालं नव्हतं. दादा अंगणात येऊन पडले होते. त्यांच्या अंगावर मी ओली चादर टाकली. आतल्या खोलीचं दार उघडं पडलं होतं आणि दिवा तसाच तेवत होता. तो मी पाहिला, त्यांनीही पाहिला. काकूंचा मला इतका संताप आला, की त्यांच्याकडे बघवेना.

मिरजेच्या दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आला, तेव्हा मी तिथेच होते.

"दिव्याचं इचारायचं राहिलं, सायेब," दादा म्हणाले. "माजीच चूक."

पोलीस गेल्यावर मी वाकून विचारलं, "असं का सांगितलंत?"

"त्यांचा पोरगा तिकडं बंदूक घेऊन हुबा हाय, वैनी. आईच्या दिव्यानं माणूस भाजला, ह्ये त्यानं तिकडं ऐकायचं व्हय?"

 दुसऱ्या दिवशी दादा गेले.

मग लोक बोलू लागले. म्हातारपणी लक्ष राहिलं नाही म्हणे. ज्यांच्या घरात त्यांनी वर्षानुवर्षं खिडक्या उघडल्या, तेही म्हणाले. माझ्या जिभेवर यायचं, पण त्यांचा शब्द कसा मोडू?

दहाव्याला मी आणि काकू त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती. माणूस गेला त्या दिवसापासून ती रडली नाही, असं तिची जाऊ सांगत होती. आम्हाला बघून म्हणाली, "जेवताना बी मला त्येच सांगायचे, दिवा बघ, शेगडी बघ. आन सोताच इसरले? माज्या मनाला पटतच न्हाई." मग काकूंकडे वळली. "आक्का, तुमी व्हता तिथं. त्यांनी खरंच न्हाई इचारलं?"

काकूंनी तिचा हात धरला.

"इचारलं व्हतं," त्या म्हणाल्या. "दोनदा इचारलं. मी खोटं बोलले."

दादांच्या बायकोनं हात सोडवून घेतला आणि ती मोठ्यानं रडू लागली.