मेंढीचं एक वाक्य

आमच्या घरात नाताळ दोन दारांनी येतो. एक शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपातून आणि दुसरा चाकणच्या कंपनीच्या गेटातून. आम्ही ना ख्रिस्ती, ना आमच्या सात पिढ्यांत कुणी केक भाजलेला. चंपाषष्ठीचं भरीत-रोडगा उरकलं की गावाकडे डिसेंबरात गव्हाला पाणी देण्याखेरीज दुसरी गडबड नसायची. पण गेली काही वर्षं डिसेंबर लागला की मुलाचा फोन येतो, "आई, कधी येतीस? शटडाउन आलाय." मग मी पिशवी भरते आणि आकुर्डीला त्याच्या फ्लॅटवर जाऊन राहते.

शटडाउन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही ते कळायला वेळ लागला. माझी सून चाकणच्या एका परदेशी कंपनीत मेंटेनन्सची इंजिनीअर आहे. नाताळात तिकडचे गोरे साहेब आपापल्या घरी जातात आणि गाड्यांचे सुटे भाग रंगवणारी लाईन बंद राहते. वर्षभर न थांबणारी यंत्रं तेवढ्या दिवसांत उघडायची, धुवायची, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा जोडून ठेवायचं. म्हणजे साहेबांना सुट्टी आणि हिला लगीनघाई. त्यात यंदा त्या सगळ्या कामाची प्रमुख तीच होती. बाईकडे ते पहिल्यांदाच आलं होतं, आणि तेही खळखळ करूनच दिलेलं, "घरी लहान मूल आहे, झेपेल का?" असं विचारून. माझ्या मुलाच्या घरीही तेच लहान मूल आहे. त्याला त्याच्या कारखान्यात अजून कुणी असं विचारलेलं नाही.

ते लहान मूल म्हणजे माझी नात, सीनियर केजीतली. शाळेच्या नाताळच्या नाटकात तिला मेंढी केलं होतं. मी उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे नाटकात कुणाला काय करतात ते मला पक्कं ठाऊक आहे. शांत मुलीला मेरी करतात, उंच मुलाला जोसेफ, आणि जिच्या तोंडाची टकळी थांबत नाही तिला मेंढी. तरी बाईंनी तिला एक वाक्य दिलं होतं, "इट इज व्हेरी कोल्ड टुनाइट." आमच्या शेतात ऐन थंडीत धनगरांच्या मेंढ्या बसतात आणि त्यांनी थंडीची तक्रार केलेली मी कधी ऐकली नाही. पण हे नातीला सांगायची सोय नव्हती. उठता-बसता तिचं तेच चाललं होतं, आंघोळीच्या गरम पाण्यातसुद्धा.

एकदा जेवताना तिनं आईला विचारलं, "तू येणार ना बघायला?"

मोठी माणसं अशा वेळी 'बघू' म्हणतात. सुनेनं घास खाली ठेवला, जरा विचार केला आणि म्हणाली, "येणार."

भांडी घासताना मी तिला बोललेच. "पोरीला असा शब्द देऊ नको बाई. तुझं काम हे असं. नाही जमलं तर ती वर्षभर लक्षात ठेवील."

"आता दिला की आई," ती म्हणाली. "साहेबांना आजच सांगून ठेवते. दोन तास मागून घेते."

मला काही ते खरं वाटलं नाही. साहेब लोकांचे तास मी बघितलेले आहेत.

पुढचे दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. ग्रुपवर रोज नवीन फर्मान. आज लाल टोपी, उद्या घरी केलेलं कार्ड, परवा चिठ्ठीत ज्याचं नाव आलं त्या मुलासाठी गुपचूप भेट. मुलगा पहिल्या पाळीला, तो उजाडायच्या आत बाहेर. सून यायची ती अंगाला थिनरचा वास घेऊन, नखांत काळं ग्रीस, आणि ओट्याशी उभ्या उभ्याच जेवायची. मेंढीचा पोशाख माझ्या गळ्यात पडला. देवाच्या वातींसाठी आणलेला सगळा कापूस मी पांढऱ्या बनियनवर टाचून टाकला. तो शिवताना घरभर इतका उडाला की आमटीतही सापडला. कुकरची शिट्टी काढून रव्याचा केक केला, तो एका बाजूनं करपला आणि करपलेली बाजू आधी संपली. देव्हाऱ्यातला दिवा मात्र दोन दिवस जुन्याच वातीवर भागवला.

कार्यक्रम सकाळचा होता. मी नातीला बाईंच्या ताब्यात दिलं आणि हॉलमध्ये शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून बसले. एका बाईनं ती जागा मागितली, मग तिच्या नवऱ्यानं मागितली. मी दोघांना सांगितलं, "माझी सून येतेय." सांगताना माझाच आवाज जरा पडत होता. पडदा उघडायच्या बेतात होता तेव्हा ती आली. अंगात कंपनीचं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, पायांत लोखंडी टोकाचे बूट, हेल्मेटनं केस डोक्याला चिकटलेले. सगळ्या साड्या आणि अत्तरं तिच्याकडे वळून बघत होती. बघू देत. ती माझ्या पिशवीच्या जागी बसली आणि बाटलीभर पाणी प्यायली.

पण कार्यक्रम कुठला वेळेवर व्हायला. प्रमुख पाहुण्यांना पुन्हा लहान व्हावंसं वाटत होतं आणि ते त्यांनी सविस्तर सांगितलं. मग नाच, मग माइक बिघडला, मग आणखी एक नाच. तेवढ्यात सुनेचा फोन थरथरायला लागला.

ती खाली वाकून बोलत होती, पण मी शेजारीच होते. काम ठरल्यापेक्षा लवकर आटोपलं होतं. इथल्या धाकट्या साहेबांना वाटलं, लाईन आत्ताच सुरू करून परदेशातल्या मोठ्या साहेबांना व्हिडिओवर दाखवावी. अडचण एकच होती. मेन स्विचला सुनेचं कुलूप होतं.

त्यांच्याकडे पद्धतच तशी आहे. यंत्राच्या आत जाणाऱ्या प्रत्येकानं मेन स्विचला आपापलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे आत कुणाचा हात असताना बाहेरून कुणी बटण दाबू शकत नाही. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. प्रमुखाचं सगळ्यांत शेवटी निघतं, तेही आतली माणसं बाहेर आल्याचं स्वतः मोजून झाल्यावर. बाकीच्यांची कुलपं निघाली होती. हिचं एकटीचं राहिलं होतं आणि त्याची किल्ली माझ्या शेजारच्या खुर्चीवर, जॅकेटच्या खिशात होती.

पहिल्या फोनला ती म्हणाली, "येते थोड्या वेळात." दुसऱ्या फोनला साहेब म्हणत असावेत की तुम्ही नुसतं हो म्हणा, आम्ही कुलूप तोडतो, कारण ती दोनदा म्हणाली, "तोडू नका." तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा स्टेजवर आत्ता कुठे गोठा मांडायला घेतला होता.

माझ्या नोकरीत केंद्रप्रमुखांचा निरोप आला की मी चुलीवरचं तसंच ठेवून निघायचे. मी तिच्या जागी असते तर केव्हाच उठले असते, आणि घरी येऊन पोरीला खाऊ देऊन मोकळी झाले असते. एवढं मोठं काम पहिल्यांदा हातात आलेलं, त्यात साहेबाला नाही म्हणायचं म्हणजे काय. 'जा बाई, मी बघते हिचं,' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

सुनेनं फोन कानाला लावला. ती चिडली की तिची लातूरकडची बोली वर येते, आवाज मात्र चढत नाही. "साहेब, ट्रायल संध्याकाळची ठरली हाय. हे दोन तास मी मागून घेतलेत. कुलूप माझं हाय, मी येऊन माणसं मोजल्याबिगर ते निघणार नाही." पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थांबायलेत तर थांबू द्या. माझ्या लेकीची बारी अजून आली नाही."

फोन बंद करून तिनं तो माझ्या पिशवीत टाकला. मी पिशवीचं तोंड गच्च धरून ठेवलं. अशी सून मी शोधून आणली नव्हती, मुलानं त्याची त्यानंच आणली, पण त्या क्षणी मला वाटलं की माझ्याही हातून काहीतरी चांगलं झालं असणार.

स्टेजवर मेरी आली, जोसेफ आला, घोंगडीऐवजी शाल पांघरलेले मेंढपाळ आले. मग चार पायांवर आमची मेंढी आली, मागे कापूस सांडत. दिव्यांच्या उजेडात आणि त्या कापसात तिचा चेहरा लालबुंद झाला होता. तिची वेळ आली तशी ती मेंढीपण विसरून सरळ उभी राहिली आणि डोळ्यांवर आडवा हात धरून हॉलभर शोधायला लागली. असं शोधणारी मुलं मी पुष्कळ बघितली आहेत. ज्याला कुणी सापडत नाही त्याचं वाक्य घशात अडकतं, मग बाईंनी पडद्याआडून कितीही सांगू दे.

सुनेनं हात वर केला. जॅकेटची पट्टी चमकली. पोरीला आई दिसली. ती पुन्हा शिस्तीत चार पायांवर बसली आणि कपाळावरचा घाम पुसत, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "इट इज व्हेरी कोल्ड टुनाइट."

सगळा हॉल हसला. मीही हसले आणि डोळेही पुसले. सून हसली नाही. ती मन लावून टाळ्या वाजवत होती, मेंढी आत जाईपर्यंत.

मग ती निघाली. मोशीच्या पुढे गाड्या मुंगीच्या पावलानं चालतात, त्यामुळे पोचायला तिला वेळच लागला. रात्री घरी आल्यावर तिनं सांगितलं, लाईन पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

"आणि साहेब?" मुलानं विचारलं.

"काय म्हणणार? मी माणसं मोजत होते तर माझ्या मागं उभे राहून तेपण मोजत होते." ती भात कालवत होती. "सगळी कंपनी थांबली होती नुसती, हात बांधून."

नातीनं ताटातून मान वर केली. "कोणासाठी थांबली होती?"

माझ्यातली मास्तरीण लगेच उत्तर जुळवायला लागली, नियम कशासाठी असतात वगैरे. त्याआधी सून म्हणाली, "तुझ्यासाठी."

"बरं," नात म्हणाली आणि पापड मोडायला लागली. कंपनी आपल्यासाठी थांबते यात तिला काही विशेष वाटलं नाही. त्याचं विशेष वाटायला माझ्यासारखा साहेबांच्या निरोपावर उठण्यात जन्म जावा लागतो.