पळस बघायला आधार कार्ड

“फुलं बघायला आधार कार्ड कशाला लागतं, ते सांग आधी,” आशालताने तिसऱ्यांदा विचारलं.

“असू दे जवळ, आई. पळस फुललाय, छोट्या ऋतिकाला दाखवू. तुला प्रत्येक गोष्टीत संशय,” जितेंद्र बुटाची नाडी बांधत म्हणाला.

चांदीप गावातल्या बांधावरचा तो पळस आणि त्याखालचं शेत आशालताने नवऱ्यामागे एकटीने राखलं होतं. भात लावलं, विरारच्या बाजारात बसून काकड्या विकल्या, त्यावर हा मुलगा शिकवला. लग्न झाल्यापासून त्याने शेतात पाय ठेवला नव्हता आणि आज त्याला फुलं आठवली होती.

“आई, नवी साडी नेसा ना,” सून म्हणाली. एरवी ती एवढी गोड बोलत नसे.

पाण्याची बाटली ठेवायला आशालताने डब्याच्या पिशवीत हात घातला, तर पोळ्यांखाली पाकीट लागलं. त्यात सातबारा आणि तिचेच दोन पासपोर्ट फोटो होते.

“हे पळसाला दाखवायचं होतं?”

“एक जण भेटणार होता तिथे. नुसतं बोलायला,” जितेंद्र पुटपुटला.

आशालताने पाकीट कमरेला खोचलं, नातीचा हात धरला आणि चपला घातल्या.

“पळस आम्ही दोघी बघून येतो. तुम्ही घरी थांबा. यंदाही भात मीच लावणार आहे.”