धांदरीच्या हातचं पाणी

शिंप्याच्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहणारी बाई सगळ्यांना धांदरी म्हणूनच ठाऊक. कपड्यांवर शिंपडायला जवळ पाण्याचं भांडं असायचं, ते ती दर दोन-चार दिवसांनी स्वतःच्याच अंगावर उपडं करायची. मालक कपाळाला हात लावायचा. काजं-बटणं करणारी म्हणायची, या बाईला पाण्याजवळ उभीच करू नका. सगळे हसायचे आणि धांदरीही हसायची, पण जपून, तोंड मिटून.

धांदरट कसली डोंबलाची! शर्टाची कॉलर तिच्यासारखी कोणी बसवून दाखवावी. धाकट्याच्या बाळंतपणापासून तिला लघवी आवरत नव्हती, एवढंच. शिंक आली, जड गठ्ठा उचलला, पोट धरून हसू आलं, की झालंच. कुणाच्या नजरेस ओल पडायच्या आत ती भांडं कलंडवायची. मूत सांडणारी म्हणवून घेण्यापेक्षा पाणी सांडणारी बरी. आणि मुळात होऊच नये म्हणून त्या वाफेत दिवसभर उभी राहूनही पाण्याचा थेंब घशाखाली जाऊ द्यायची नाही. नवऱ्याला पत्ता नाही, पोरांना पत्ता नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, हिने ती इतकी वर्षं झाकली की बोटं आखडून गेली.

या मुठीपायीच अक्का तुटली. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, नकला करण्यात पटाईत. एकदा अक्काने घरमालकाची अशी काही नक्कल केली की धांदरी हसता हसता अक्काच्याच नव्या कोचावर भिजली. चहा सांडला म्हणून वेळ मारून नेली, पण कानाला खडा लावला, पुन्हा या घरी यायचं नाही. जी बहीण हसवते, तिच्याच घरी जायची चोरी! अक्काने बोलावून पाहिलं, चिडून पाहिलं. शेवटी म्हणाली, बाईसाहेबांना आता आमचं घर टोचतं. मग तिनेही बोलावणं सोडलं.

अशी कितीतरी वर्षं गेल्यावर एका दुपारी अक्काचा मुलगा कारखान्यात आला. अक्काला ताप होता. लघवीत जंतू झाले होते आणि ते मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. डॉक्टर घरी येऊन औषध देऊन गेले, पोटात भरपूर पाणी जायलाच हवं म्हणाले, नाहीतर काही खरं नाही. पण अक्का ओठ उघडत नव्हती. दवाखान्याचं नाव काढलं की पलंगाची कड धरून बसायची. भाचा म्हणाला, मावशी, तुझं ऐकेल कदाचित.

अक्काच्या खोलीत फिनाइलचा वास होता. सून चमचा घेऊन उशाशी बसली होती. आधी गोंजारून झालं होतं, आता आवाज चढला होता. यांना जगायचंच नाही, असं ती वैतागून म्हणाली. धांदरी पलंगावर टेकली तर गादीखाली प्लास्टिक चुरचुरलं. अक्काचे ओठ फुटले होते आणि तिने पांघरूण कमरेपाशी दोन्ही मुठींत गच्च धरलं होतं. हा हट्ट नव्हता. दिवसभर कोरड्या घशाने उभं राहणं काय असतं, ते तिच्याइतकं कोणाला माहीत?

पांघरुणाखाली ओलं होतं. सवयीने तिचा हात पेल्याकडे गेला. पलंगावर सांडायचं आणि म्हणायचं, बाई गं, माझ्याच हातून सांडलं! आजची लाज झाकली गेली असती. पण मग उद्या अक्काने पुन्हा ओठ मिटले असते. भाचा दारात उभा होता, सून समोर होती. धांदरीने पेला खाली ठेवला.

"अक्का, मलाही होतं हे. धाकटा झाला तेव्हापासून. तुझ्या कोचावर चहा नव्हता सांडला."

भाच्याने मान खाली घातली. अक्काने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"म्हणून येत नव्हतीस?"

"तू हसवायचीस ना."

अक्काच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं आणि डोळे भरून आले. "मेले, मला वाटलं माझंच काही चुकलं," ती म्हणाली आणि मग तिने तोंड उघडलं. दोघींनी मिळून पेला संपवला. थोड्या वेळाने चादर पुन्हा भिजली. सुनेने ती गुपचूप बदलली आणि न्हाणीघरात जाऊन रडली, कारण घरभर वास मारतो असं ती मागे एकदा अक्काच्या देखत बोलली होती.

पण पाणी फार उशिरा पोटात गेलं. दवाखान्यात नेलं, तिथे अक्का आठवडाभरही टिकली नाही. धांदरीने डॉक्टरांना स्वतःचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, यावर व्यायाम आहेत, औषधं आहेत, पुष्कळ बायकांना फरक पडतो. इतकी वर्षं कोणालाच कसं विचारलं नाहीत?

कामावर परतल्यावर पहिलाच गठ्ठा उचलला आणि कपडे भिजले. हात भांड्याकडे गेला. मालकाने तिकडूनच विचारलं, सांडलं का?

"पाणी नाही, लघवी आहे," धांदरी म्हणाली. "मला आवरत नाही. उद्या डॉक्टरकडे जायचंय, रजा हवी."

शिलाई यंत्रं थांबली. कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. काजं-बटणं करणारी मात्र हसली नाही, खाली पाहत राहिली. मालक पुटपुटला, जा, जा. बस, एवढंच झालं. आभाळ कोसळलं नाही. एवढंच बोलायचं राहिलं होतं, आणि त्यापायी माझी अक्का गेली, असं म्हणत धांदरी इस्त्री हातात धरून ढसाढसा रडली.